नागपुरात राहून भांडवल बाजार व वित्तीय संस्था या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का? त्यात नेमके काय शिकावे लागते?

तुम्ही बी.कॉम. झाला आहात. एम.कॉम.ला हा विशेष विषय घ्यावा की एमबीए करावे, त्यासाठी मुंबई गाठावी लागेल का, आणि शेअर बाजारात स्वतः व्यवहार केल्याशिवाय हा विषय समजेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी नागपुरातील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गांना हाच विषय शिकवते. तुमच्या शेवटच्या शंकेत विषयाबद्दलचा एक मोठा गैरसमज दडलेला आहे, म्हणून आधी तिचे उत्तर देते.

कोणता शेअर घ्यावा हे या विषयात शिकवले जात नाही. बचत करणाऱ्याचा पैसा तो वापरणाऱ्यापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो, त्या मार्गावर कोणकोणत्या संस्था असतात, त्यांपैकी प्रत्येकीने कोणती जोखीम पत्करलेली असते, आणि ती जोखीम प्रत्यक्षात उतरली तर नुकसान कोणी सोसायचे हे कायद्याने कसे ठरते, याचा हा अभ्यास आहे. त्यासाठी ट्रेडिंगचा अनुभव लागत नाही. वायदे व ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या किमतीवर केलेल्या करारांत, व्यवहार करणाऱ्या दर दहा वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी नऊहून अधिक जण तोट्यात गेले, हे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनेच २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले आहे; तेव्हा अभ्यासाच्या नावाखाली तिकडे वळू नका, ही कळकळीची विनंती आहे.

आता नागपूरविषयी. हा विषय मुंबईचा आहे आणि आपण त्यापासून दूर आहोत, असे आपल्याकडची मुले गृहीत धरतात. मला ते मुळीच पटत नाही. काटोल रोडवर ज्या मॉयल या मँगनीज खाणींच्या सरकारी कंपनीचे मुख्यालय आहे, तिचे समभाग २०१० च्या डिसेंबरमध्ये बाजारात नोंदले गेले. वर्गात मी विचारते की त्या विक्रीतून मॉयलला किती पैसे मिळाले, आणि बहुतेक जण आकडा शोधू लागतात. उत्तर शून्य आहे. ती ऑफर फॉर सेल होती, म्हणजे नवे समभाग न काढता जुन्या मालकांनी आपले समभाग विकले. केंद्र सरकार तसेच महाराष्ट्र व मध्य प्रदेश सरकारांनी मिळून आपल्याकडील, कंपनीचा एकूण वीस टक्के हिस्सा विकला आणि पैसे त्या सरकारांकडे गेले. याउलट नागपूर महानगरपालिकेने २००१ मध्ये पाणीपुरवठ्याच्या कामांसाठी ५० कोटी रुपयांचे रोखे (व्याजाने पैसे उसने घेतल्याचे कागद) काढले, तेव्हा ती रक्कम रोखे काढणाऱ्या पालिकेच्याच हाती आली आणि ती व्याजासह फेडण्याची जबाबदारीही पालिकेवरच आली. 'प्राथमिक बाजार', म्हणजे समभाग वा रोखे लोकांना पहिल्यांदा विकले जातात तो बाजार, या शब्दाखाली किती निरनिराळे व्यवहार येतात, हे या दोन उदाहरणांतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्येतून होत नाही.

मात्र ज्या एका प्रकरणावर मी सर्वाधिक वेळ देते, ते नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे आहे. २००१-०२ मध्ये या बँकेने सरकारी रोखे घेण्यासाठी खासगी दलाल कंपन्यांना पैसे दिले आणि रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. सुमारे १५० कोटी रुपये अडकले. ज्यांच्या ठेवी त्यात होत्या त्यांत शेतकरी आणि गावोगावच्या सेवा संस्था होत्या. नागपूरच्या न्यायालयाचा निकाल लागला तो डिसेंबर २०२३ मध्ये. विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न नेहमी असा असतो की सरकारी रोखे तर सर्वांत सुरक्षित, मग त्यात पैसे बुडतील कसे? हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि विषयाचे मर्म त्यातच आहे. सरकारने पैसे बुडवले नव्हते. रोखा सुरक्षित होता, पण त्याची खरेदी-विक्री ज्या पद्धतीने झाली ती सुरक्षित नव्हती. बँकेकडे दलालाने दिलेला व्यवहाराचा कागद होता. रोखा आपल्या नावावर जमा झाल्याची नोंद नव्हती.

याच्याच दहा वर्षे आधी, १९९२ च्या रोखे घोटाळ्यात, मोठमोठ्या बँकांनी रोख्यांऐवजी 'बँक रिसीट' नावाच्या कागदावर (रोखे नंतर देऊ अशा पावतीवर) विसंबून कोट्यवधी रुपये हातचे घालवले होते. त्यातून धडा घेऊन रिझर्व्ह बँकेने १९९५ मध्ये सरकारी रोख्यांसाठी अशी पद्धत आणली की पैसे देणे आणि रोखा मिळणे या दोन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून राहाव्यात. एक झाल्याखेरीज दुसरी होऊ नये. मग २००२ मध्ये नागपुरात तेच पुन्हा का घडले? कारण सुधारणा मोठ्या बँकांपर्यंत पोहोचली होती, पण दलालांमार्फत व्यवहार करणाऱ्या लहान संस्था तिच्या बाहेरच राहिल्या होत्या. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने आपल्या नियंत्रणाखालील संस्थांना सरकारी रोखे डीमॅट स्वरूपातच, म्हणजे कागदाऐवजी खात्यातील इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या रूपात, ठेवणे बंधनकारक केले. सेटलमेंट (पैसे व रोख्यांची प्रत्यक्ष देवाणघेवाण), क्लिअरिंग (कोणाचे कोणाला किती देणे याचा हिशेब) आणि कस्टडी (रोखे सांभाळणे) ही प्रकरणे मुले रटाळ म्हणून गाळतात. ती गाळू नका. पैसे बुडतात ते बहुधा तिथेच.

यानंतरचा अवघड भाग म्हणजे व्याजदर आणि रोख्यांची किंमत यांचा संबंध. सूत्र पाठ करण्याऐवजी एक गणित स्वतः कागदावर सोडवा. १०० रुपये दर्शनी किमतीचा, दहा वर्षे मुदतीचा आणि वर्षातून एकदा ७ टक्के व्याज देणारा रोखा तुमच्याकडे आहे. बाजारातील परताव्याचा दर ८ टक्के झाला, तर ७ टक्के देणारा रोखा कोणी पूर्ण किमतीला घेत नाही; त्या रोख्याची किंमत सुमारे ९३ रुपये २९ पैसे होते. आता असे १,००० कोटींचे रोखे एखाद्या बँकेकडे आहेत असे समजा. एकाही कर्जदाराने हप्ता चुकवलेला नसताना बँकेच्या गुंतवणुकीचे बाजारमूल्य ६७ कोटींनी घटले. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली, तिच्या मुळाशी हेच गणित होते. ठेवीदार एकदम पैसे काढू लागल्यामुळे रोखे विकून कागदावरचा तोटा खरा करून दाखवावा लागला. आपल्या बँका रोखे कोणत्या वर्गात (मुदतीपर्यंत ठेवण्याचे की विकण्याचे) दाखवतात आणि त्यामुळे तोटा कधी दिसतो व कधी दिसत नाही, हे ताळेबंदाच्या टिपांमध्ये वाचायला शिका.

बिगर बँकिंग वित्तीय कंपन्या समजून घेण्यासाठी आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीचे २०१८ चे प्रकरण पुरेसे आहे. रस्ते आणि वीज प्रकल्पांत दीर्घ मुदतीसाठी अडकलेला पैसा काही प्रमाणात अल्प मुदतीच्या कर्जांतून उभा केला होता, आणि काही आठवड्यांपूर्वी सर्वोच्च पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेला मिळणारी श्रेणी) असलेले तिचे कर्जरोखे थेट थकीत श्रेणीत गेले. पतमानांकन संस्थेचे शुल्क कोण भरते, हे त्या वेळी जरूर विचारा.

कायद्यांची भीती बाळगू नका. १९३४ चा रिझर्व्ह बँक कायदा, १९४९ चा बँकिंग नियमन कायदा, १९५६ चा रोखे करार नियमन कायदा, १९९२ चा सेबी कायदा आणि १९९६ चा डिपॉझिटरी कायदा, एवढे पाच क्रमाने हाताळले तरी कोणाचा अधिकार कोणावर चालतो याचे चित्र उभे राहते.

एम.कॉम. की एमबीए? संशोधन, अध्यापन किंवा नियामक संस्थांच्या परीक्षा मनात असतील, तर एम.कॉम. किंवा अर्थशास्त्रातील एम.ए. करून त्याला संख्याशास्त्राची जोड द्यावी, असे माझे मत आहे. बँकेच्या ट्रेझरीत (बँकेचा स्वतःचा पैसा व रोखे सांभाळणाऱ्या विभागात) किंवा गुंतवणूक क्षेत्रात नोकरी हवी असेल, तर चांगल्या संस्थेतील एमबीए अधिक उपयोगी पडेल, आणि मिहानमध्ये आयआयएम असल्याने त्यासाठीही शहर सोडावेच लागेल असे नाही. केवळ रोखे बाजारच (शेअर, कर्जरोखे इत्यादींचा बाजार) शिकायचा असेल, तर सेबीने स्थापन केलेली एनआयएसएम ही प्रशिक्षण संस्था रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. तिची प्रमाणपत्रे मात्र नागपुरात शिकत असतानाही मिळवता येतात. कोणतीही वाट धरली तरी एक्सेल व्यवस्थित यायला हवे.

प्रवेश घेतलात तर प्रकल्पाचा विषय पहिल्याच सत्रात ठरवा. 'म्युच्युअल फंडाबाबत गुंतवणूकदारांचे समाधान' असा विषय घेऊन शंभर ओळखीच्या लोकांकडून प्रश्नावली भरून घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण त्यातून विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी विदर्भातील एखाद्या नागरी सहकारी बँकेचे मागील पाच वर्षांचे वार्षिक अहवाल मिळवा, तिच्या ठेवी किती मुदतीच्या आहेत आणि तो पैसा कोणत्या मुदतीच्या कर्जांत व रोख्यांत गुंतला आहे याचा तक्ता तयार करा, आणि व्याजदर एक टक्क्याने वाढला तर त्या बँकेचे काय होईल, एवढाच प्रश्न सोडवा.