सारख्याच दिसणाऱ्या स्कुबा टाक्यांचं मॉडेल कसं ओळखायचं? काही टाक्या शेवटी वर का ओढतात?

तुम्ही लिहिलंय की नागपुरातच एकाकडे दोन जुन्या टाक्या विकायला आहेत. दोन्ही पिवळ्या, घेर सारखाच. तारकर्लीला डाइव्हच्या शेवटी तुमची टाकी पाठ वर उचलत होती, म्हणून तसं न करणारी टाकी हवी आहे.

रंगावर जाऊ नका, तो कुणीही मारून घेतो. घेरावरही नाही. नेहमीची ॲल्युमिनियम ८० (आकडा हवेच्या घनफुटांचा) आणि पोलादाची १०० घनफुटांची एक टाकी, दोघींचा व्यास १८४ मिलिमीटरच असतो. मी हिंगणा एमआयडीसीत सिलिंडरच्या हायड्रोटेस्टचं, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासण्याचं काम करतो. टाकी आली की आम्ही आधी व्हॉल्व्हखालचा खांदा बघतो. तिथे ठोकलेली अक्षरं म्हणजे टाकीची कुंडली. ओल्या फडक्याने पुसा, टॉर्च तिरपा धरा, दबलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. चाकूने खरवडू मात्र नका.

अमेरिकी बनावटीच्या टाकीवर ३एएल असेल तर ती ॲल्युमिनियमची, ३एए असेल तर पोलादाची. त्यापुढचा आकडा कामाच्या दाबाचा, पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच). मग अनुक्रमांक, बनवणाऱ्याची खूण, बऱ्याचदा एस८० असं मॉडेल, आणि चाचण्यांचे महिने-वर्षं. युरोपीय टाकीवर आतली जागा लिटरमध्ये, दाब बारमध्ये आणि रिकामं वजन किलोत सरळ लिहिलेलं असतं. १२ लिटर, २३२ बार दिसलं तर बहुधा पोलाद. अक्षरं रंगाखाली बुजली असतील तर लोहचुंबक लावा. ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही. बूट, म्हणजे बुडाला बसवलेली टोपी, काढून बूडही बघा: ॲल्युमिनियमचं सपाट, पोलादाचं बहुतेकदा गोल.

आता वर ओढण्याचं. ॲल्युमिनियम हलकं म्हणून टाकी तरंगते, असं बरेच जण सांगतात. पण काट्यावर ठेवून बघा. ॲल्युमिनियम ८० रिकामी साधारण १४ किलो भरते, १२ लिटरची पोलादी टाकीही जवळपास तेवढीच. फरक धातूने अडवलेल्या जागेचा आहे. ॲल्युमिनियम कमी ताकदीचं, म्हणून भिंत जाड ठेवावी लागते. १४ किलो ॲल्युमिनियम सव्वापाच लिटर जागा घेतं, तेवढंच पोलाद पावणेदोन लिटर. ॲल्युमिनियमची टाकी जास्त पाणी बाजूला सारते, आणि पाणी तिला तेवढंच जास्त वर ढकलतं.

त्यात हवेचं वजन. ११.१ लिटरच्या टाकीत २०७ बारला सुमारे २३०० लिटर हवा मावते, म्हणजे पावणेतीन किलो. डाइव्हमध्ये ही हवा तुम्ही संपवता, तेवढं वजन कमी होतं. हे पोलादी टाकीतही होतंच, त्यातून सुटका नाही. पण ॲल्युमिनियम ८० समुद्रात भरलेली असताना पाऊण किलोच्या आसपास खाली ओढते आणि पूर्ण रिकामी झाली की दोन किलो वर. ५० बार उरले असतील तेव्हा साधारण सव्वा किलो वर. तारकर्लीला तुम्हाला जाणवलं ते हेच. पोलादी टाकी भरलेली असताना चांगलीच जड असते, आणि बहुतेकदा रिकामी झाली तरी थोडी खालीच ओढते.

म्हणून कमरेला बांधायचं शिशाचं वजन ठरवताना भरलेल्या टाकीवर तपासू नका. ५० बार उरलेले असताना पाच मीटरवर स्थिर राहता येतं का, ते बघा. आणि नागपूरच्या जलतरण तलावात बसवलेलं वजन मालवणला जसंच्या तसं चालणार नाही. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असतं. तुम्ही आणि सामान मिळून १०० किलो असाल तर तिथे अडीच किलो शिसं वाढवावं लागतं.

एक मधला प्रकारही आहे. ॲल्युमिनियमच्याच काही ८० टाक्यांची भिंत आणखी जाड असते, वजन साडेपंधरा किलोच्या आसपास, खांद्यावर ३००० ऐवजी ३३००. रिकामी झाली तरी ती जवळजवळ जागच्या जागी राहते. तुम्हाला बहुधा हीच आवडेल.

पैसे देण्याआधी उत्पादनाचं वर्ष नक्की वाचा. १९८८ च्या आधीच्या बऱ्याच ॲल्युमिनियम टाक्या ६३५१ या मिश्रधातूच्या आहेत. त्यांच्या मानेत, आट्यांच्या भागात, कायम दाबाखाली राहून हळूहळू भेगा पडतात. काही टाक्या भरताना फुटून माणसं जखमी झालेली आहेत. नंतर ६०६१ आला. १९८८ च्या आधीची ॲल्युमिनियमची टाकी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. तुमच्याइतकीच ती भरणाऱ्या पोऱ्याच्या जिवाची गोष्ट आहे.

दुसरं, भारतात सिलिंडर गॅस सिलिंडर नियम २०१६ खाली येतात. पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरच्या सुरक्षेचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता नसलेला सिलिंडर भरता येत नाही, आणि पेसोचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. विकणाऱ्याकडे मान्यतेचा कागद आणि शेवटच्या हायड्रोटेस्टचं प्रमाणपत्र मागा. नसेल तर आधी पेसोत विचारा, मग सौदा. दोन्ही टाक्यांच्या खांद्यांचे फोटो इथे टाकलेत तर कोणती काय आहे ते वाचून सांगतो.