बेळगावात जुनं घर विकत घेतलंय, चोरांच्या भीतीनं आधी काय करून घ्यावं?

तुमचा प्रश्न असा की वडगावकडं जुनं बैठं घर घेतलंय, दोघंही नोकरीला, दिवसभर घर बंद, तर आधी कॅमेरे बसवावेत की सेफ्टी डोअर. माझं विचाराल तर दोन्ही नंतर. आधी घराच्या मागं परसात जाऊन उभं राहा आणि चावी हरवलीय असं समजून आत कसं शिरता येईल ते बघा. दहा मिनिटांत दोन-तीन रस्ते सापडतात, आम्हाला सापडले ते चोरी झाल्यावर.

आम्ही पण अनगोळला असंच सेकंडहँड घर घेतलेलं. मी उद्यमबागला मशीन शॉपमध्ये, मिसेस शाळेत. पुढच्या दाराला हे मोठं कुलूप घातलं आणि गणपतीला तीन दिवस खानापूरकडं गावी गेलो. परत आलो तर कुलूप जसंच्या तसं, आत कपाट उघडं. बाथरूमच्या खिडकीला त्या काचेच्या तिरक्या पट्ट्या असतात बघा, ॲल्युमिनियमच्या क्लिपात नुसत्या सरकवलेल्या, क्लिप जरा वाकवली की पट्टी आवाज न करता हातात येते. चोरानं सगळ्या पट्ट्या काढून परसात भिंतीला नीट टेकवून ठेवल्या होत्या, एक पण फुटली नव्हती. आत शिरला, मागच्या दाराची कडी आतून काढली आणि चांदीचं निरांजन, तांब्याचा बंब, पोराचा टॅब आणि भरलेला सिलिंडर घेऊन दारानंच गेला. मिसेस अजून म्हणते की चोरीपेक्षा त्या नीट लावलेल्या काचा बघूनच जास्त भीती वाटली.

तर बाथरूम-संडासच्या खिडक्यांना आतून ग्रील, हे पहिलं काम. ग्रील करताना पोकळ पाईपचं करू नका, भरीव चौकोनी सळी घ्या, १० एमएमची तरी, १२ ची असली तर उत्तम. आणि ग्रील बाहेरून स्क्रूनं बसवलेलं असेल तर ते असून नसल्यासारखं, स्क्रू ड्रायव्हरनं निघतं. एकतर भिंतीत गाडून घ्या नाहीतर स्क्रूच्या डोक्यांवर वेल्डिंगचा टिपका मारून घ्या, फॅब्रिकेशनवाला दुसरं काम करता करता पाच मिनिटांत करून देतो. फक्त बेडरूमचं एखादं ग्रील आतून कुलपानं उघडणारं ठेवा, आग लागली तर आपल्यालाच बाहेर पडता आलं पाहिजे. त्याची चावी घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे.

दुसरं चाव्या. जुन्या मालकाकडं, एजंटाकडं, त्यांच्या भाडेकरूकडं, रंगवाल्याकडं किती चाव्या फिरतायत देव जाणे. माणसं वाईट आहेत असं नाही, पण चाव्या बदलून घ्याच. सगळं कुलूप बदलायची पण गरज नसते, बऱ्याच लॅचमध्ये नुसता सिलिंडर, म्हणजे चावी फिरते तो आतला भाग, बदलून मिळतो. आणि हे रंगकाम, सुतारकाम सगळं संपल्यावर करा, मी घाई करून आधी केलं आणि मग सुतारालाच नवी चावी देऊन बसलो.

आता दार. लोक कुलपावर पैसे घालतात, पण कुलूप सहसा कोण तोडत नाही हो, कोयंडा उचकटतात. आपल्याकडं कोयंडा इंचभर स्क्रूवर बसवलेला असतो, पहार घातली की स्क्रूसकट येतो. कोयंड्याला आरपार बोल्ट मारून नट आतल्या बाजूला घ्या. चौकटीच्या बिजागऱ्यांना आणि कडी जिथं जाऊन बसते त्या पट्टीला अडीच-तीन इंची स्क्रू मारा, म्हणजे ते चौकटीच्या लाकडात खोलवर बसतात. खर्च किरकोळ, काम अर्ध्या दिवसाचं. आणि जमलं तर पुढच्या दाराला दाराच्या आत बसणारं कुलूप घ्या, कारण बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे घरात कोण नाही असा बोर्डच लावल्यासारखं, रस्त्यावरून जाणाऱ्याला लांबून कळतं.

इथं आपल्या पावसाचं एक सांगतो, पुण्याच्या व्हिडिओत हे कोण सांगणार नाही. जून-जुलैमध्ये लाकडी दार फुगतं, लागत नाही, मग आपण सुताराला बोलवून रंधा मारून घेतो. मार्चमध्ये तेच दार आकसतं आणि चौकटीत एवढी फट पडते की पातळ पत्र्याची पट्टी घालून लॅच मागं ढकलता येतो. म्हणून रंधा मारायचाच तर बेतानं, आणि फट पडली तर बाहेरून झाकणारी लाकडी पट्टी मारून घ्या. नुसत्या लॅचवर दार ओढून जाऊ नका, चावी फिरवून दांडा बाहेर काढा, तो दांडा पट्टीनं सरकत नाही. पावसाचं आणखी म्हणजे शेजारी पत्र्याची शेड असली तर धो धो पावसात मागं काय चाललंय ते कुणालाच ऐकू येत नाही.

तिसरी जागा गच्ची. वडगाव-शहापूरला घरं एकमेकाला चिकटून, शिवाय जिना बाहेरून. गच्चीचं दार साधं प्लायचं आणि एक बारीक कडी, असं दहातल्या नऊ घरांत असेल. तिथं लोखंडी दार करा. घर कौलारू असेल तर कौलं हलवून माणूस उतरतो, तेव्हा खालून जाळी मारून घ्या. रंगवाल्याची शिडी परसात पडू देऊ नका, आमच्याकडं महिनाभर होती.

मग कॅमेरा. लावा, नको म्हणत नाही, पण तो चोरी थांबवतो असं समजू नका, टोपी घातलेला माणूस कॅमेऱ्याला काय भीत नाही. लाईट गेली की वायफाय जातं आणि पावसाळ्यात आपल्याकडं लाईट किती जाते ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून राऊटरला आणि कॅमेऱ्याला छोटा यूपीएस लावा. ६४ जीबी कार्डात सतत रेकॉर्डिंग काही दिवसांचंच बसतं, म्हणजे जास्त दिवस गावी गेलात तर पहिले दिवस पुसले जातात, एकतर मोठं कार्ड घ्या नाहीतर हालचालीवर रेकॉर्ड होणारं सेटिंग ठेवा. त्यापेक्षा परसात हालचालीवर पेटणारा दिवा लावा, स्वस्त पडतो.

आमच्याकडं खरा कॅमेरा म्हणजे समोरच्या आज्जी. कन्नड बोलतात, आमच्या गेटशी कोण दोन मिनिटं थांबला की ओट्यावरून "यार बेकरी?" म्हणजे कोण पाहिजे म्हणून ओरडतात. नवीन घरात गेल्यावर शेजाऱ्यांकडं आधी चहाला जा, भाषा कुठली का असेना. गावी जाताना त्यांना सांगा, दारात पेपर, दूध साचू देऊ नका, पोलीस स्टेशनला पण सांगून ठेवा, बीटवाले फेरी मारताना बघतात. विसर्जनाच्या आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री अख्खी गल्ली मिरवणुकीत असते, त्या रात्री एकानं तरी घरी थांबा. आणि गावी पोचल्यावर फोटो टाकायचे ते परत येऊन टाका.

सोनं घरात ठेवू नका. लॉकरमध्ये ठेवलं तरी एक माहीत असू द्या, २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँकेतच आग, चोरी असं काही झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच असते. भाडं २००० असेल तर जास्तीत जास्त २ लाख. तसंच होम लोनबरोबर भारत गृह रक्षा ही घराच्या विम्याची पॉलिसी मिळाली असेल तर तिच्यावर विसंबू नका, तिच्यात आग, पूर अशी घटना घडल्यापासून ७ दिवसांत झालेली चोरीच धरतात. घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यात पण जबरदस्तीनं घुसल्याच्या खुणा मागतात, मला हे नंतर कळलं. आमच्या काचा तर नीट भिंतीला टेकवलेल्या!

चोरी झालीच तर काही हलवू नका, पुसू नका, बाहेर येऊन ११२ ला फोन करा. एफआयआर इथं कन्नडमध्ये लिहितात, कन्नड वाचता येत नसेल तर सही करायच्या आधी वाचून, समजावून घ्या, वाचून दाखवणं कायद्यातच आहे, कॉपी पण फुकट मिळते. टॅब, टीव्हीची बिलं, सिरियल नंबर, दागिन्यांचे फोटो आत्ताच काढून मोबाईलमध्ये ठेवा, आम्हाला बंबाचा फोटो शोधायला लग्नाचा अल्बम काढावा लागला होता.

मागच्या दाराचा आणि बाथरूमच्या खिडकीचा फोटो टाकलात तर ग्रील कसं करायचं ते बघून सांगतो. माप घेताना आतलं घ्या, बाहेरचं नको.