खांदेसूज आलेला बैल आणि तुरुंगाची धास्ती

जनावरांच्या छळाबद्दलची शिक्षा कडक झाली, तर साध्या मालकालाही तुरुंगात जावे लागेल का, असे पशुपालक मला वारंवार विचारतात. सातारा जिल्ह्यातील एक शेतकरी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) हाच प्रश्न घेऊन आले होते. त्यांच्या बैलाच्या खांद्यावर जुवाने घासून जखम झाली होती आणि मोबाइलवर आलेल्या एका निरोपात ‘आता 3 वर्षे कैद’ असे वाचल्यापासून त्यांची झोप उडाली होती. बैल त्यांनी मागच्या गोठ्यात, कोणाच्या नजरेस पडणार नाही असा बांधून ठेवला होता.

सुरुवातीला मी कायदाच समजावत बसले. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे, आणि एवढ्यात बैलाचा एका दिवसाचा चाराही येत नसल्याने शिक्षा वाढावी, असे माझे स्वतःचे मत आहे. केंद्राने नोव्हेंबर 2022 मध्ये हरकतींसाठी जाहीर केलेल्या, याच कायद्याच्या दुरुस्तीच्या मसुद्यातील 3 वर्षांपर्यंतची कैद मात्र नृशंस क्रौर्यासाठी सुचवलेली होती. शिवाय केवळ देखरेखीत कसूर केली म्हणून दोषी ठरलेल्या मालकाला दंडाचा पर्याय न देता तुरुंगात धाडता येत नाही, अशी तरतूद मूळ कायद्यातच आहे. त्यांनी सगळे ऐकून घेतले, पण चेहऱ्यावरचा ताण तसाच राहिला.

मग मी विचारले, “डॉक्टरांना दाखवलंत का?”

“कसा नेऊ, ताई? तिथं कुणी फोटो काढला म्हणजे?”

बऱ्याच वेळाने, खालमानेने, त्यांनी सांगितले की वाफसा निघून जाईल म्हणून जखम दिसत असतानाही चार दिवस त्यांनी बैल औताला जुंपला होता.

जखमी जनावराला कामाला लावणे हा गुन्हा आहे, त्याच्यावर उपचार करणे नव्हे. त्यांची भीती मसुद्याची नव्हती, त्या चार दिवसांची होती. ‘तुमचे काही चुकले नाही’ असे मी म्हटले नाही, कारण ते खरे नव्हते. बैल लपवल्याने जखम चिघळते आहे, एवढेच म्हटले, आणि दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य कोणते बोलायचे, याची आम्ही दोघांनी तालीम केली.

पुढच्या सोमवारी ठरल्या वेळेला ते माझ्याकडे आले नाहीत. बैलाचे ड्रेसिंग त्याच वेळेला असते, असा त्यांच्या पत्नीचा निरोप आला.