एका रेणूइतक्या जाड थरातून जाणारा प्रवाह मोजतात कसा, आणि त्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा?

मी याच विषयात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थर बनवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. इथेनॉलमध्ये अल्केनथायॉलचं (कार्बनची साखळी आणि तिच्या एका टोकाला गंधक असलेल्या रेणूचं) 1 मिलीमोलर द्रावण करायचं, त्यात सोन्याचा मुलामा दिलेली काच बुडवायची आणि रात्रभर ठेवून द्यायची. गंधक सोन्याला घट्ट धरतं आणि कार्बनच्या साखळ्या एकमेकींना रेलून साधारण 30 अंशांत कलतात. शेजारच्या दोन रेणूंत जेमतेम 0.5 नॅनोमीटर अंतर उरतं. बहुतेक रेणू पहिल्या काही मिनिटांतच बसतात, बाकीची रात्र जाते ती रांग सरळ करण्यात. (थायॉलची बाटली फ्यूम हूडबाहेर, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर, उघडू नका, वास दिवसभर पाठ सोडत नाही.) काच धुऊन काढली की डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. पाण्याचा थेंब टाकला की कळतं. ताज्या, स्वच्छ सोन्यावर तो पसरतो. इथे तो गोळा होऊन बसतो, कडेचा कोन 110 अंशांच्या आसपास. कोन बराच कमी आला तर ती काच बाजूला ठेवायची.

खरी मारामारी वरच्या टोकाशी आहे. खाली सोनं आहेच, पण वरचा संपर्क आणायचा कुठून? धातूची वाफ बसवायला जावं तर तिचे अणू थरातल्या भोकांतून थेट खाली उतरतात आणि जोड (सोनं, थर आणि वरचा संपर्क मिळून बनतो तो) शॉर्ट होतो. म्हणून काही जण पाऱ्याचा थेंब किंवा गॅलियम-इंडियमचा द्रवरूप मिश्रधातू हलकेच टेकवतात.

सुटा रेणू मोजायचा तर 2003 मध्ये शू आणि ताओ या संशोधकांनी दाखवलेली पद्धत मला जास्त आवडते. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपची सोन्याची सुई रेणूंच्या द्रावणातच सोन्यावर टेकवायची आणि मागे ओढायची. ओढता ओढता सोन्याची मान एका अणूइतकी बारीक होते, तेव्हा वाहकता (प्रवाह किती सहज जातो त्याचं माप) 77.5 मायक्रोसीमेन्सच्या आसपास येते. मग मान तुटते. फटीत रेणू अडकला असेल तर आलेखात त्याच्याही कितीतरी खाली एक छोटीशी पायरी दिसते. पुष्कळदा ती दिसतच नाही. म्हणून हेच हजारो वेळा करून हिस्टोग्राम, म्हणजे कोणता आकडा किती वेळा आला त्याचा आलेख, काढतात.

आता विश्वासाचं. सुट्या आकड्यावर ठेवू नका, साखळीच्या लांबीबरोबर प्रवाह किती घटतो त्या उतारावर ठेवा. अल्केन साखळीत एक कार्बन वाढवला की प्रवाह साधारण एक-तृतीयांशावर येतो, कारण इलेक्ट्रॉन टनेलिंगने, म्हणजे अडथळा न ओलांडता त्याच्या आरपार, पलीकडे जातात. मूळ प्रवाहाचे आकडे पद्धतीगणिक कितीतरी पटींनी बदलतात, हा उतार मात्र बराचसा जुळतो. अशा साखळ्यांना ‘तार’ म्हणणं मला पटत नाही, त्या विद्युतरोधकच. एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या रेणूंत प्रवाह लांबीबरोबर बराच हळू घटतो, त्यांना तो मान द्यायला हरकत नाही.

हा संशय उगाच नाही. 2001 मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकन प्रयोगशाळेतल्या श्योन या संशोधकाने अशाच थरांपासून ट्रान्झिस्टर केल्याचं प्रसिद्ध केलं होतं. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांतला नॉइजसुद्धा (एरवी दर वेळी वेगळी येणारी यादृच्छिक थरथर) तंतोतंत सारखा निघाला, आणि 2002 च्या चौकशीत तो बनाव उघडा पडला.

तेव्हा या विषयातला पेपर हातात घेतला की मी आधी एकच शोधतो: एकूण किती जोड केले आणि त्यातले किती शॉर्ट झाले. तो आकडा दिलाच नसेल तर निष्कर्षांपर्यंत मी जातच नाही.