गिरिराजची ५० पिल्लं आणतोय. ब्रूडर (पिल्लांना ऊब द्यायची जागा) केवढा आणि कसा करावा?

तुमचं म्हणणं असं की डिसेंबरच्या शेवटी गिरिराज जातीच्या कोंबडीची एक दिवसाची ५० पिल्लं मिळणार आहेत, घरात फ्रिजचं रिकामं खोकं पडलंय, त्यात १०० वॅटचा बल्ब सोडला तर भागेल का. आणि नाही भागलं तर घरच्या खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली सोडता येतील का.

खोकं चालणार नाही. बल्ब कमी पडेल म्हणून नव्हे, जागा कमी पडेल म्हणून. पहिले काही दिवस पिल्लाला अंगातली ऊब टिकवता येत नाही, पण कुठे बसलं की बरं वाटतं हे त्याला नेमकं कळतं. मोठ्या जागेत बल्बखाली कढत, मध्ये कोमट आणि कडेला गार असे पट्टे आपोआप पडतात आणि पिल्लं हवी तशी सरकत राहतात. खोक्यात सगळीकडे एकच तापमान. बल्ब जास्त झाला तर पळायला जागा नाही, कमी झाला तर ५० पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. सकाळी कोपऱ्यात चपटी पिल्लं सापडली की लोक रोग आला म्हणतात. बरेचदा तो रोग नसतो, कोपरा असतो.

म्हणून गोल करा. दीड फूट उंचीचा साधा पत्रा २६ फूट लांब घ्या. पहिल्या आठवड्यात त्याची टोकं एकमेकांवर बरीच चढवून सहा फूट व्यासाचं रिंगण करा. म्हणजे साधारण २८ चौरस फूट, पिल्लामागे अर्ध्या चौरस फुटाहून थोडं जास्त. नंतर दर तीन-चार दिवसांनी टोकं सोडत जायचं. पूर्ण उघडला की आठ फुटांचं रिंगण होतं आणि पिल्लामागे एक चौरस फूट मिळतो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तेवढी जागा द्यायलाच हवी, कारण गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली जात गावठीपेक्षा झपाट्यानं वाढते. दाटी झाली की पिल्लं एकमेकांची पिसं ओढायला लागतात, आणि एकदा रक्त दिसलं की टोचणं थांबवणं फार अवघड. पत्रा परवडत नसेल तर जाड पुठ्ठा किंवा बांबूची चटई चालते, फक्त बल्बपासून लांब.

खाली भाताचं तूस, थंडीत आणि त्यातही फरशी असेल तर तीन-चार इंच. लाकडाचा बारीक भुसा नको. पिल्लं तो दाणा समजून खातात. पहिले दोन-तीन दिवस तुसावर वर्तमानपत्र अंथरा म्हणजे तूस खाल्लं जाणार नाही, पण रोज बदला. गुळगुळीत, चकचकीत कागद मात्र अजिबात नको. त्यावर पाय फाकतात आणि फाकलेले पाय पुन्हा सरळ होतीलच असं नाही.

आता बल्ब. एलईडीनं उजेड होतो, ऊब मिळत नाही, तेव्हा जुन्या पद्धतीचे तारेचे बल्बच शोधा. पिल्लामागे एक ते दोन वॅट हा नेहमीचा हिशेब, थंडीत दोनच्या वर धरा. १०० चा एक लावण्यापेक्षा ६० चे दोन लावा. रात्री दोन वाजता एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. कडाक्याच्या रात्रीसाठी तिसरा होल्डर तयार ठेवा. होल्डर चिनीमातीचे घ्या. बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नका. साखळीला किंवा बाइंडिंग तारेला बांधा आणि वर आणखी एक गाठ असू द्या. कोरड्या तुसावर तापलेला बल्ब पडला तर पिल्लंच नव्हे, गोठाही जाईल. तुसापासून बल्ब एक ते दीड फूट वर, वरून पत्र्याची टोपी, आणि रिंगणाच्या मधोमध नको, थोडा एका बाजूला, म्हणजे दुसरी बाजू गार राहते.

पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी, असा नियम आहे. बल्ब वर घेत गेलं की ते जमतं. थर्मामीटर लावा, पण विश्वास पिल्लांवर ठेवा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे. पत्र्याला चिकटून, चोच उघडी, पंख सैल असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा शिरतोय, तिथे गोणपाट लावा. रिंगणभर पसरून, काही खात, काही आडवी पडून झोपलेली दिसली की हात लावू नका.

वाऱ्यावरून सांगतो. थंडी म्हणून लोक खोलीला चहूबाजूंनी प्लॅस्टिक ठोकतात. दोन दिवसांत आत गेलं की डोळे चुरचुरतात, तो अमोनिया, आणि पिल्लांचं नाक तर जमिनीलाच. पडदे गोणपाटाचे आणि खालच्या बाजूलाच, वरची हातभर जागा उघडी. लाईट गेल्यावर कोळशाची शेगडी आत ठेवणाऱ्यांनी तर हे पाळलंच पाहिजे. धूर दिसत नसला तरी विषारी वायू असतोच, आणि तो पिल्लं आणि माणूस असा भेद करत नाही. चांगल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर १२० वॅटचे बल्ब रात्रीचे बरेच तास निघतात. तोही नसेल तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून रिंगणात ठेवा आणि दर दोन-अडीच तासांनी पाणी बदला.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच बल्ब लावून तूस तापवून घ्या. आल्यावर आधी पाणी, कोमट, लिटरला पन्नासेक ग्रॅम गूळ घालून. काही पिल्लांच्या चोची स्वतः बुडवा, बाकीची बघून शिकतात. गुळाचं पाणी त्या दिवसापुरतंच, नाहीतर शी चिकट होऊन मागे साचते. साचलीच तर कोमट पाण्यात कापूस भिजवून पुसा, ओढून काढू नका. पाण्याची भांडी दोन, पसरट भांडं असेल तर त्यात खडे टाका म्हणजे पिल्लू बुडणार नाही. दोनेक तासांनी कागदावर मक्याचा भरडा पसरा, दुसऱ्या दिवसापासून स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. भांडी बल्बच्या बरोबर खाली नकोत, ऊब आणि गारवा यांच्या सीमेवर ठेवा. रात्री काही पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपा. भरलेली आणि मऊ असेल तर झोपायला जा. पाय तुमच्या गालाला लावून बघा; गार लागले तर तूस पुरेसं तापलेलं नाही.

भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढा. ओल राहिली की तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास रक्ती हगवण येते. लासोटाची (राणीखेत म्हणजे मानमोडी रोगावरची) लस पाचव्या ते सातव्या दिवशी आणि गंबोरो रोगावरची दोन आठवड्यांच्या आसपास. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा, कारण कुपीत अनेक डोस असतात आणि फोडली की लगेच संपवावी लागते. गावात आणखी कुणाची पिल्लं असतील तर एकाच दिवशी उरका.

उंदीर आणि घूस ही खरी चोरटी जमात. कोंबड्यांसाठी मिळणाऱ्या षटकोनी भोकांच्या जाळीतून उंदीर सहज आत येतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावा, तळाशी विटा दाबून, आणि वरूनही झाका. दुसऱ्या आठवड्यात पंख फुटले की दीड फुटाचा पत्रा पिल्लांना काहीच नसतो, आणि बाहेर मांजर बसलेलीच असते.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात अंगभर पिसं आली की दिवसाचा बल्ब बंद करा, रात्रीचा मात्र जानेवारीअखेरपर्यंत राहू द्या.

राहिली खुडूक कोंबडी. तिच्याइतकं चांगलं ब्रूडर नाही, पण तिच्या पंखाखाली दहा-बाराच मावतात. शिवाय अंगणात फिरलेल्या कोंबडीच्या अंगावर उवा-गोचीड असतात आणि पोटात जंतही, ते या पिल्लांना लहानपणीच मिळतात. तरी सोडायचीच असतील तर रात्री अंधारात, ती बसलेली असताना एकेक करून खाली सरकवा आणि पहाटे उजाडताना तिथे हजर राहा. टोचायला लागली तर लगेच काढून रिंगणात घ्या.