मुलगी ज्युनिअर इयरला (अकरावीत) आहे (एडिसन, न्यू जर्सी). कॉलेजची तयारी कुठून सुरू करावी? एसएटीचा (कॉलेज प्रवेशपरीक्षेचा) क्लास आत्ताच लावावा का?

एसएटीचं आधी उरकून टाकतो. क्लासचे पैसे भरण्याआधी एसएटीच्या अधिकृत ब्लूबुक अ‍ॅपवर घरीच एक पूर्ण सराव परीक्षा घ्या. २ तास १४ मिनिटांची आहे, मध्ये उठू देऊ नका. १६०० पैकी १४०० च्या पुढे असेल तर खान अकॅडमी (मोफत ऑनलाइन धडे) आणि परीक्षेतच मिळणारा डेस्मॉस कॅल्क्युलेटर सफाईने वापरायची सवय, एवढं पुरतं. बरंच खाली असेल आणि ती स्वतःहून बसत नसेल तर लावा क्लास. पहिली परीक्षा मार्चमध्ये, दुसरी ऑगस्टमध्ये. मे महिना टाळा, तेव्हा एपीच्या (शाळेतच शिकायच्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या) परीक्षा असतात. यूसीची (कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाची) कॉलेजं प्रवेशासाठी हा स्कोअर बघतच नाहीत, तर एमआयटीने २०२२ मध्ये तो पुन्हा सक्तीचा केला. म्हणजे कॉलेजांची यादी झाल्याशिवाय किती स्कोअर लागणार हेच कळत नाही. आणि यादी करायला बजेट लागतं.

तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत: दोघं नोकरीत, एडिसनला स्वतःचं घर, पुण्यात एक फ्लॅट भाड्याने, मुलीला कॉम्प्युटर सायन्स हवंय, जमलं तर अर्ली डिसिजन (एकाच कॉलेजला बांधून घेणारा लवकरचा अर्ज). त्यात वर्षाला किती खर्च झेपेल याबद्दल एक अक्षर नाही. "तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू" हे वाक्य आपल्या घराघरांतून इतकं ऐकलंय की आता ते ऐकलं तरी डोकं फिरतं. 'बघू' म्हणजे कधी? सीनिअर इयरच्या (बारावीच्या) एप्रिलमध्ये, पाच कॉलेजांची पत्रं टेबलावर असताना आणि १ मेपर्यंत डिपॉझिट भरायचं असताना. तेव्हा आईवडील पहिल्यांदा हिशोब करतात आणि मुलीला सांगतात की ज्या कॉलेजचा स्वेटशर्ट तिने घेतलाय ते परवडणार नाही.

ज्युनिअर इयर पैशाच्या दृष्टीनेही कळीचं वर्ष आहे, आणि हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. फॅफ्सा हा सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला उघडतो, सीनिअर इयरमध्ये. पण त्यात उत्पन्न धरतात ते दोन वर्षांमागचं: सोफमोर इयरमधल्या (दहावीतल्या) जानेवारीपासून ज्युनिअर इयरमधल्या डिसेंबरपर्यंत. त्या काळात मोठा नफा काढून शेअर विकलेत, ४०१-के या रिटायरमेंट खात्यातून पैसे उचललेत, तर ते पहिल्या वर्षाच्या मदतीच्या हिशोबात येणार. मालमत्तेचं वेगळं: ती फॉर्म भरतो त्या दिवशीची धरतात.

आणि ती कुणाच्या नावावर आहे यावरही बरंच ठरतं. आजीआजोबांनी दिलेले, वाढदिवसांचे, असे ४०,००० डॉलर मुलीच्या नावाच्या यूटीएमए खात्यात असतील तर फॅफ्सा त्यातले २० टक्के, म्हणजे ८,००० डॉलर, दर वर्षी कॉलेजसाठी उपलब्ध आहेत असं मानतो. तेच ५२९ या शिक्षणासाठीच्या बचत खात्यात असते तर पालकांची मालमत्ता म्हणून जास्तीत जास्त ५.६४ टक्के, म्हणजे २,२५६. हलवता येतात, पण यूटीएमएतले शेअर विकताना झालेला नफा मुलीच्या उत्पन्नात जातो, तेव्हा सीपीएला (टॅक्सच्या अकाउंटंटला) विचारल्याशिवाय हात लावू नका. राहतं घर आणि रिटायरमेंट खाती फॅफ्सा मोजत नाही. पुण्यातला फ्लॅट मात्र मोजतो. तो डॉलरमध्ये लिहायचा, कर्ज वजा करून. (भाडं इथल्या टॅक्स रिटर्नवर दाखवताय ना? नसाल तर कॉलेज राहू द्या, आधी ते निस्तरा.) बरीच खासगी कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाइल हा आणखी एक फॉर्म मागतात. त्यात खोलात शिरतात, काही जण राहत्या घराची किंमतही धरतात.

आता या आठवड्यात करायचं काम. फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला २०११ पासून आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल याचा अंदाज देणारा) ठेवावा लागतो. गेल्या वर्षीचा टॅक्स रिटर्न, दोघांचे डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचे दाखले) आणि खात्यांची स्टेटमेंटं घेऊन सहा-सात कॉलेजांचे कॅल्क्युलेटर भरा. मुलीला शेजारी बसवून. लोक इथे ठरलेल्या चुका करतात. एक, हातात येणारा पगार लिहितात. तिथे एजीआय (टॅक्स रिटर्नवरचं समायोजित एकूण उत्पन्न) लागतो, आणि डब्ल्यू-२ च्या बारा नंबरच्या बॉक्समध्ये 'डी'समोर जी ४०१-के ची रक्कम असते ती वेगळी विचारली तर वेगळी द्यायची. दोन, पुण्याचा फ्लॅट गाळतात आणि मग आलेला आकडा बघून खूश होतात. तीन, आणि ही सगळ्यात महाग पडते: शेवटी दिसणाऱ्या 'तुम्हाला भरायच्या' रकमेतून काही कॉलेजं कर्ज आणि वर्क-स्टडीही (शिकता शिकता काम करून मिळवायचे पैसे) वजा करून दाखवतात. ते त्या रकमेत परत मिळवा. एकूण खर्चातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा जाते. कर्ज तुम्हीच फेडायचं आहे.

कर्ज काढू म्हणाल, तर मुलीच्या नावावर फेडरल कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, मग ६,५००, मग दोन वर्षं ७,५००, असं चार वर्षांत २७,००० पर्यंतच मिळतं. बाकीचं पालकांच्या डोक्यावर. पूर्वी पॅरेंट प्लस हे पालकांच्या नावावरचं सरकारी कर्ज एकूण खर्चाइतकं मिळायचं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० ची मर्यादा आहे. त्यापुढे बँकेचं खासगी कर्ज, स्वतःच्या सहीवर.

हे आकडे बघून झाले की यादी आपोआप बदलते, दोन्ही दिशांनी. प्रिन्स्टनने २०२५-२६ पासून अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना ट्यूशन माफ केली आणि हार्वर्डने दोन लाखांपर्यंत, अर्थात मालमत्ता सर्वसाधारण असेल तर. म्हणजे 'आयव्ही (प्रिन्स्टन, हार्वर्ड अशी आठ नामांकित खासगी विद्यापीठं) आपल्याला परवडणार नाही' हेही न तपासता बोलू नये. उलट तुमचं दोघांचं मिळून साडेतीन लाख असेल तर तिथे फार काही मिळणार नाही, आणि आयव्ही कॉलेजं मेरिट स्कॉलरशिप देतच नाहीत, मुलगी कितीही हुशार असो. मेरिटचे पैसे हवे असतील तर ते देणाऱ्यांकडे जायला हवं. अलाबामासारखी सरकारी विद्यापीठं बाहेरच्या राज्यातल्या मुलांनाही मार्कांवर देतात. कुठलं कॉलेज किती जणांना देतं हे त्याच्या कॉमन डेटा सेटमध्ये (ठरलेल्या नमुन्यात छापलेल्या आकडेवारीत) एच-२-ए या तक्त्यात सापडतं. त्याच कागदातला सी-७ बघा, प्रवेश देताना काय महत्त्वाचं मानतात ते तिथे लिहिलेलं असतं. काउन्सेलिंगवाल्यांना हजारो डॉलर देण्याआधी हे दोन तक्ते वाचा.

अर्ली डिसिजनबद्दल स्पष्ट सांगतो: आकडा माहीत नसताना करू नका. त्या करारावर मुलगी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या असतात, आणि बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरला. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. दोन कॉलेजांच्या ऑफर शेजारी ठेवून घासाघीस करण्याची सोय तुम्ही स्वतःहून सोडता. रटगर्सला (न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ) अर्ली अ‍ॅक्शन आहे, तीही १ नोव्हेंबरलाच, आणि ती बांधून घेत नाही. ती कराच. गणपतीच्या जेवणात कुणीतरी "रटगर्स काय, ते मिळतंच" म्हणेल. तिथल्या इन-स्टेट (राज्यातल्या मुलांसाठीच्या) खर्चाच्या दुपटीहून जास्त पैसे मोजून अंडरग्रॅडच्या चार वर्षांत नेमकं जास्त काय मिळणार आहे, हे त्याला विचारा. मी विचारतो, उत्तरात रँकिंगच ऐकू येतं.

कॉम्प्युटर सायन्सला एक खाच आहे. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन किंवा सिअ‍ॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ अशा ठिकाणी अर्जातच तो विषय लिहून प्रवेश घ्यायचा असतो. 'आधी आत शिरू, मग बदलू' हा बेत तिथे चालत नाही.

बाकीचं थोडक्यात. सीनिअर इयरचे विषय साधारण फेब्रुवारीत निवडतात. गणित सोडू देऊ नका. शिफारसपत्रासाठी एप्रिल-मेमध्येच ज्युनिअर इयरच्या दोन शिक्षकांना विचारायचं. सोबत अर्धं पान द्यायचं: त्यांच्या वर्गातला कुठला प्रोजेक्ट, कुठे अडली, काय केलं. 'मेहनती आणि प्रामाणिक' हे त्यांना सगळ्यांबद्दल लिहिता येतं. कॉमन अ‍ॅप (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं. त्यात उपक्रम दहाच, प्रत्येकी १५० अक्षरांत. 'मराठी शाळेत मदत' असं लिहून जागा वाया घालवू नका. किती वर्षांच्या किती मुलांना देवनागरी शिकवली, स्वतः काय तयार केलं ते लिहा. ६५० शब्दांचा निबंध जून-जुलैमध्ये लिहून होतो, आत्ता त्याचा घोर नको.

एक राहिलं. कॅल्क्युलेटरचा आकडा अंदाजच असतो. स्वतःचा धंदा, घटस्फोट किंवा भाड्याची मालमत्ता असेल तर बराच चुकू शकतो. तुमचा चुकेल, फ्लॅटमुळे. कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करून विचारा, उत्तर देतात. आणि वरचं फॅफ्साचं सगळं सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. मुलगी एच-४ वर (पालकांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असेल तर फेडरल मदत नाही, पगारी इंटर्नशिप नाही, इन-स्टेट फीचा नियम राज्यागणिक वेगळा, आणि एकविसाव्या वाढदिवसाआधी एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची सोय करावी लागेल. बरीच कॉलेजं मदतीच्या बाबतीत तिला परदेशी विद्यार्थी धरतील. तसं असेल तर कळवा, यादी वेगळीच करावी लागेल.