‘सान्शो द बेलिफ’ फार रडवतो म्हणतात. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचे चित्रपट आवडणाऱ्याने तो पाहावा का?

पाहाच. फक्त मोबाइलवर नको आणि एका बैठकीत पाहा. १२४ मिनिटांचा आहे. कुरोसावासारखी तलवारबाजी मात्र इथे शोधू नका.

दिग्दर्शक केन्जी मिझोगुचीचा १९५४ चा हा कृष्णधवल चित्रपट जपानच्या हेआन काळात (साधारण आठवं ते बारावं शतक) घडतो. शेतकऱ्यांची बाजू घेतली म्हणून एका प्रांताधिकाऱ्याला हद्दपार करतात. पुढे त्याच्याकडे निघालेली बायको तामाकी आणि मुलं वाटेत फसवली जातात. आईला सादो बेटावर विकतात. झुशिओ आणि आन्जू ही भावंडं तान्गो प्रांतात सान्शो या क्रूर कारभाऱ्याच्या वाड्यावर गुलाम होतात.

ताटातुटीचं रडू येतंच, पण मला त्याहून जास्त लागला तो झुशिओ. दयामाया नसलेला माणूस जनावरासारखाच, असं बाप त्याला निरोप घेताना बजावतो. तोच पोरगा मोठा झाल्यावर पळून गेलेल्या म्हाताऱ्याच्या कपाळावर मालकाच्या हुकमाने तापलेलं लोखंड टेकवतो. आणि सान्शोचा सख्खा मुलगा तारो? त्याला हे काम सांगितलं, तेव्हा त्याच्याच्याने ते झालं नाही. तो घर सोडून गेला होता. छळापेक्षा छळ अंगवळणी पडणं भयंकर, हे दाखवताना मिझोगुची एकही भाषण देत नाही.

मग सादोहून आलेली एक नवी मुलगी काम करता करता गाणं गुणगुणते. त्यात झुशिओ आणि आन्जू ही नावं येतात. आन्जू चमकते, पुन्हा म्हणायला लावते. आई जिवंत असल्याचा निरोप असा येतो. पुढचं सांगत नाही.

मूळ कथा मोरी ओगाईची, १९१५ ची. तिच्यात आन्जू थोरली आहे. चित्रपटात झुशिओ थोरला केलाय, म्हणून त्याचं घसरणं अधिक बोचतं, असं माझं मत. मिझोगुचीच्या स्वतःच्या बहिणीलाही गरिबीपायी गेशा व्हावं लागलं होतं, हेही विसरता येत नाही.

खटकलं एवढंच की उत्तरार्धात झुशिओचं नशीब फारच झपाट्याने पालटतं. काझुओ मियागावाचा कॅमेरा ते सांभाळून घेतो. दुःख जितकं मोठं, तितका तो लांब उभा राहतो.

आईच्या भूमिकेतली किनुयो तानाका आवडली, तर मिझोगुचीचाच ‘उगेत्सु’ (१९५३) लावा. तिथे ती कुंभाराची बायको आहे.